पाणी प्यायला वाकलेला बैल

कोकणच्या किनाऱ्यावरच्या साऱ्या कोळ्यांनी आणि खलाशांनी मिळून समुद्राबद्दल जेवढं सांगितलं नसेल तेवढं माझ्या आत्याच्या यजमानांनी एकट्यानं सांगितलं, आणि तेही खालापूरच्या डोंगराखाली बसून, जिथून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही आणि ज्याचा वारासुद्धा वाटेतच कुठंतरी दम टाकून माघारी वळतो. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. तोवरच्या आयुष्यात त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, आणि तोही एका दिवसापुरता. बरं, सगळा समुद्रही नाही. त्यांच्या वाट्याला त्यातला एक खडकाळ तुकडा आला होता, जमीन जिथं समुद्रात घुसते असा. त्या तुकड्यावर त्यांनी पुढं सगळी हयात काढली. मी बी. ए. झालेला माणूस. आमच्या पंचक्रोशीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. तेव्हा अशा जागेला ‘भूशिर’ म्हणतात हे मला ठाऊक होतं आणि मी ते आतोबांना सांगितलंही. त्यांना तो शब्द मुळीच पटला नाही. “शीर मंजी डोकं ना? नुसतं डोकं घिऊन काय करायचं? त्याला मान हाय, वशिंड हाय, पाठ हाय. आख्खा बैल हाय रं बीए.”

ते मला बीए म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे की टोचून, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

त्यांचा बैल असा होता. किनाऱ्यावरून डोंगराची एक सोंड निघते, ती पाठ. तिच्यावर उंचवटा आणि उंचवट्यावर पडका बुरूज, ते वशिंड. मग जमीन एकदम उतरते, अरुंद होते, ती मान. आणि मानेपुढं थेट समुद्रात घातलेलं काळ्या खडकाचं थोराड डोकं. त्या डोक्यावर, दोन शिंगांच्या मधोमध म्हणा, देवीचं एवढंसं देऊळ. “पानी प्याला वाकलाय बग. पन पानी निगालं खारं. म्हून तसाच थांबलाय, पीत बी नाय आन् उठत बी नाय.” हे सांगताना त्यांची नजर अशी काही लागायची की समोरच्यालाही घटकाभर तहान लागावी. पण बोलून समाधान झालं तर ते आतोबा कसले. जेवायला बसले की ताटातल्या भाताचा बैल व्हायचा आणि आमटीचा समुद्र. आमटी भातात मुरत जायची, मान खचायची, डोकं वेगळं पडायचं, आणि आतोबा घास हातात धरून ओरडायचे, “गेली. बग, मान गेली.” आत्या म्हणायची, “जेवा आता. भात निवला.” हे स्वतःच्या ताटापुरतं होतं तोवर ठीक. पण माझ्या आत्तेबहिणीला, हिराला, चौक गावची माणसं बघायला आली, तेव्हा आतोबांनी गप्पांच्या भरात होणाऱ्या व्याह्यांच्या ताटात हात घालून त्यांच्या भाताचा बैल केला. व्याही सालस माणूस. त्यांनी मुकाट्यानं बैलाच्या शेपटीकडून जेवायला सुरुवात केली, आणि सोयरीक जमली.

गोंधळ खरा पुढंच होता. आतोबांच्या बैलाला पाणी किती बाजूंनी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. सकाळी सांगायचे, तीन बाजूंनी. संध्याकाळी सांगायचे, चारी बाजूंनी. मी म्हणायचो, “आतोबा, तीन बाजूंनी असेल तर ते भूशिर आणि चारी बाजूंनी असेल तर ते बेट. दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा.” ते म्हणायचे, “मी कशाला ठरवू? त्यालाच काय ते ठरवू दे की.” त्यांच्या सांगण्यात जाताना ते नि आत्या मानेवरून पायी गेले होते आणि येताना होडीतून आले होते. मधल्या वेळात काय झालं? तर त्यांच्या मते बैल उठून चार पावलं पुढं सरकला. मी त्यांना भरती-ओहोटी समजावली. चंद्राच्या ओढीनं समुद्राचं पाणी फुगतं, रोज दोन वेळा, हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चंद्र पानी वढतो, तर मंग आमच्या इहिरीचं का नाय वढत? पाताळगंगेचं का नाय वढत?” मी म्हटलं, समुद्र मोठा आहे. “बरं. मोठ्याचं वढतो, गरिबाचं सोडतो. चंद्र उगवतो किती वेळा?” म्हटलं, एकदा. “मंग पानी दोनदा का?” मी त्या दिवशी घरी जाऊन भूगोलाचं पुस्तक काढलं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही पाण्याला फुगवटा येतो, असं त्यात लिहिलं होतं. का येतो ते ज्या वाक्यात होतं ते वाक्य मी आजही वाचतो, आणि दर वेळी त्याच्या मधोमध माझा पाय घसरतो.

इतिहासाची गत तीच. तो बुरूज फिरंग्यांनी बांधला, हबशांनी जिंकला, मराठ्यांनी हबशांकडून घेतला आणि इंग्रजांनी सुरुंग लावून पाडला, हे सगळं आतोबांच्या सांगण्यात एकाच दुपारी व्हायचं, आणि बहुतेक वेळा आतोबा तिथं हजर असायचे. तिथं म्हणे एक तोफ होती, पण ती जमिनीत उभी पेरलेली, तोंड वर आभाळाकडं. “उभी तोफ कशाला कोण ठेवील?” आम्ही विचारायचो. “ढगांवर माराया. फिरंग्यांना पाऊस सोसत नसंल.” एक प्रश्न मात्र त्यांना चालायचा नाही. येताना तुम्ही होडीतून आलात, तर जाताना नेलेल्या बैलगाडीचं काय झालं? हे विचारलं की त्यांना ठसका लागायचा, मग तपकिरीची डबी सापडायची नाही, आणि ती सापडेपर्यंत फिरंगी पुन्हा बुरूज बांधायला घ्यायचे. आत्या चुलीपुढून मान वर करून त्यांच्याकडं बघायची आणि परत लाकडं सारायची. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला गाडीचं एक एकटं चाक टेकवलेलं असायचं. दुसरं चाक नाही, गाडी नाही, नुसतं चाक, आणि त्याची लोखंडी धाव गंजून पापुद्रे सुटलेली. ते कशाला ठेवलंय म्हटलं तर आतोबा म्हणायचे, “असू दे. चाक हाय.”

कर्जतच्या इंग्रजी शाळेत मला मास्तरकी लागली तेव्हा आतोबा खोपोलीहून आगगाडीत बसून मुद्दाम शाळा बघायला आले. शाळा म्हणजे त्यांना नकाशा बघायचा होता. कुलाबा जिल्ह्याच्या नकाशापुढं ते बराच वेळ उभे राहिले. “हे निळं काय हाय?” म्हटलं, समुद्र. “समुद्र निळा नाय. गढूळ हाय, भाताचं शेत चिखललं की व्हतो तसा. नकाशा काढनारा गेलेलाच नाय तिकडं.” मग किनाऱ्याच्या नागमोडी रेघेवरून बोट फिरवत ते खाली खाली गेले. तिथं शेकड्यांनी टोकं होती आणि प्रत्येक टोक त्यांना बैल वाटत होतं आणि कुठलंच वाटत नव्हतं. बोट थांबेना. तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या हिंदुस्थानच्या नकाशावर गेली आणि चेहरा उजळला. खाली निमुळता होत गेलेला, तिन्ही बाजूंनी पाणी असलेला तो सगळा देश त्यांनी तळहातानं थोपटला. “ह्यो बग की. ह्योच.” मी म्हटलं, “आतोबा, ती कन्याकुमारी.” ते नकाशाकडं बघत म्हणाले, “मंग मला वाटलं त्यापरीस लांबच गेलतो आमी.”

हे सारं हसण्यावारी जायचं. पण हिराचं लग्न ठरलं आणि एकदम हसणं थांबलं. चौकच्या व्याह्यांना वैशाख सरायच्या आत लग्न हवं होतं, कारण पुढं पाऊस, पेरणी आणि मग वर्ष गेलंच. याद्या झाल्या, हळद ठरणार, आणि इतकी वर्षं चुलीपुढून नुसतं बघणारी माझी आत्या उठून म्हणाली, “हळद नाय लागायची. आदी नवस फेडायचा.” नवस असा की, त्या बैलाच्या डोक्यावरच्या देवीला आत्या त्या दिवशी बोलली होती, मला पोर झालं तर त्याच्या लग्नाआधी त्याला तुझ्या पायांवर घालीन आणि आमच्या शेतातल्या तांदळाचा भात तिथंच समुद्राच्या पाण्यात शिजवून तुला दाखवीन. हिरा झाली, मोठी झाली, पण नवस तसाच राहिला. दर वर्षी आतोबा म्हणायचे, “औंदा जाऊ,” आणि दर वर्षी वाटेची चर्चा करता करता पाऊस यायचा. आता आत्या हटून बसली. “देवीचं राहिलं तर पोरीच्या संसाराला काय व्हईल ते मला बगवायचं नाय,” ती म्हणाली. त्या दिवसापासून हिरा आतोबांना भात वाढताना हात आखडता घ्यायला लागली, बैल होण्यापुरता भात उरू नये म्हणून.

आणि तेव्हा उघड झालं की आतोबांना जागा ठाऊक नाही. त्या वेळी गावच्या गाड्या मीठ आणि सुकं म्हावरं आणायला किनाऱ्याला गेल्या होत्या. पुढच्या गाडीवर जाणता माणूस होता, मागचे बैल पुढच्या गाडीमागं चालत होते आणि आतोबा झोपले होते. तो जाणता माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्या तांड्यातले बाकीचेही एकेक करून गेले होते. “पर खुणा हायेत की,” आतोबा म्हणाले. “डाव्या हाताला येक आंबा व्हता.” मी पदवीधर, म्हणून जागा शोधायचं काम माझ्याकडं आलं. आत्यालाही विचारलं. ती म्हणाली, “मी पदर वढून बसलेली. मला बैलांच्या शेपट्या दिसल्या.”

चौक गावात छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, मूळचे बंदरावरचे. त्यांच्या दोन पिढ्या किनाऱ्यावर आणि तिसरी आमच्यात. मी त्यांना जाऊन विचारलं, अशी अशी जागा, वर पडका बुरूज, टोकाला देवी. चाचांनी छत्रीची काडी तोंडातून काढली. “मास्तर, समुद्रात डोकं घातलेली जमीन आमच्याकडं दर दोन गावांमागं एक असते. बुरूज सगळ्यांवर पडकाच, चांगला कुठला आणायचा? टोकाला कुठं देवी, कुठं पीर, कुठं दोन्ही शेजारी शेजारी. तुम्हाला कुठली पाहिजे?” म्हटलं, आमची. “मग तुमच्यांनाच विचारा की,” चाचा म्हणाले. शेवटी मीच त्यांना सांगितलं की आमच्यांना फक्त एवढं आठवतं, वाटेत मोठी खाडी ओलांडली होती. त्यावर त्यांनी पेणेवरून धरमतरची वाट सांगितली आणि पलीकडच्या एका कोळीवाड्याचं नाव घेतलं. वर हेही म्हणाले की ती जागा असली तर असेल.

तर वैशाखात आम्ही निघालो. आतोबा, आत्या, हिरा आणि मी, भावकीतल्या एकाची उसनी गाडी, आतोबांचे दोन बैल, एक मडकं, थोडी लाकडं आणि फडक्यात बांधलेले घरचे तांदूळ. दिवस लढाईचे होते आणि धान्य एका तालुक्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी होती. नाक्यावर शिपायानं गाडी अडवली आणि तांदूळ कशाला म्हणून विचारलं. मी कायद्याचं काही बोलायच्या आत आतोबा खाली उतरले आणि त्यांनी शिपायाला पाठीपासून सुरुवात करून वशिंड, मान, डोकं, फिरंगी, हबशी, उभी तोफ असं सगळं समजावलं. शिपाई आधी रागावला, मग ऐकायला लागला, मग त्यानं विचारलं, “पण मग पाणी तीन बाजूंनी की चार?” आतोबा म्हणाले, “त्योच तर घोळ हाय.” शिपायानं डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं आणि जा म्हणाला. धरमतरला दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकलेल्या होत्या, त्यांवर गाडी चढवून आम्ही खाडी ओलांडली. आतोबांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि नुसतीच मान हलवली. खूण पटली की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

वाटेत एके ठिकाणी मुक्काम करून आम्ही सकाळी त्या जागी पोचलो. डोंगराची सोंड होती. पडका बुरूज होता. खाली उतरणारी अरुंद जागा होती, वाळूची आणि शेवाळलेल्या दगडांची, आणि तिच्यापुढं काळ्या खडकाचं मोठं डोकं. वर पांढरा चुना दिलेलं इवलंसं देऊळ. भाताचा बैल मी इतक्या ताटांत पाहिला होता की हा खरा बैल मला ओळखीचा वाटला. मी म्हटलं, “आतोबा, हेच.” आतोबा गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “हे नाय.”

आत्या गाडीतच बसून राहिली. मी म्हटलं, “अहो, सगळं तर जुळतंय.” ते म्हणाले, “तोफ कुठं हाय?” तिथं जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं. तो म्हणाला, तोफ होती, उभी पुरून तिला होड्या बांधायचे, लढाईसाठी लोखंड लागतं म्हणून कोणी तरी उपटून नेली. शेजारी मासळी वाळत घालणारी त्याची बायको म्हणाली, “काहीतरी सांगू नको. तोफ त्या खालच्या गावाला. इथं कधी नव्हती.” “तुला काय ठावं, तू लग्न करून आलीस.” “केस काळ्याचे पांढरे झाले माझे इथं.” त्यांचं भांडण जुनं असावं, ते आमच्याशिवायही छान चाललं. मी आतोबांना म्हटलं, “बैल तर आहे ना?” “बैल हाय. पर ह्यो दुसरा बैल.” ते खाली बसले. “आमचा असा नव्हता. आमच्याला चारी बाजूंनी पानी व्हतं.” हिरानं इतका वेळ रोखून धरलेला हुंदका आता बाहेर पडला. वैशाख संपत आलेला होता, आणि किनाऱ्यावर दर दोन गावांमागं एक बैल होता.

शेवटी आत्यानं निकाल दिला. “देवी तर हाय ना? बोलून तर बगू तिच्याशी.” म्हणून आम्ही मानेवर उतरलो. दोन्हीकडं पाणी लांब, कुठंतरी चमकत होतं. मडकं, लाकडं उचलून न्यायची कशाला म्हणून आतोबांनी गाडी मानेच्या मधोमध नेली. पुढं खडक, चाक चढेना. तिथंच गाडी सोडली आणि बैल तेवढे वर नेले, चार काड्या वाळकं गवत होतं ते खायला. आमच्याकडं पाताळगंगेच्या पात्रात वैशाखात गाड्या अशाच सोडतात. नदी भरायची ती आषाढात. वैशाखात पाण्याला वाढायचं कारणच काय? मला भरती ठाऊक होती, नाही असं नाही. पण भर सकाळ होती, आभाळात कुठं चंद्र दिसत नव्हता. आतोबांचा वैशाखावर भरवसा, माझा चंद्रावर.

वर भात शिजत घातला. समुद्राचं पाणी हिरानं खालून आणलं. आत्यानं देवीची ओटी भरली, हिराला पायांवर घातलं, पण सारखी मान वळवून ती आतोबांकडं बघत होती आणि आतोबा पाठ करून बसले होते. भात झाला. नवसाचा भात म्हणून सगळ्यांनी खायचा. मी एक घास घेतला. तसा भात मी पुन्हा कधी खाल्लेला नाही आणि खाणारही नाही. हिराच्या डोळ्यांतून पाणी आलं ते या वेळी मिठानं. आतोबा मात्र सवयीनं भात थापत होते, पाठ, वशिंड, मान. आणि घास उचलता उचलता त्यांनी खाली बघितलं.

मान नव्हती. जिथून आम्ही आलो तिथं पाणी होतं, शांत, गढूळ, भाताच्या शेतासारखं. पलीकडं काठावर म्हातारा कोळी आणि त्याची बायको भांडण विसरून एकसाथ हात हलवत होती. मधोमध आमची उसनी गाडी तरंगत होती, अगदी हळू, स्वतःभोवती वळत. मी गाडीकडं बघत उभा राहिलो. पण आतोबा मला ओलांडून पुढं धावले, खडकाच्या टोकापर्यंत, तिथून वळून या टोकापर्यंत, चारी दिशांना. “चारी बाजूंनी,” ते म्हणाले. “बग गं, चारी बाजूंनी. ह्योच. ह्योच आमचा बैल.” मी म्हटलं, “आतोबा, गाडी.” “गाडी बी तवाच्यासारखीच,” ते बोलून गेले, आणि मग त्यांना ठसका लागला.

आत्या हसायला लागली. मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. “तवाबी आसंच,” ती म्हणाली. “तवाबी हितंच सोडलीन् गाडी. म्हनलं, वैशाखात कुठं पानी येतं. गाडी गेली ती गेलीच, नुसतं चाक हाताला लागलं. पानी चढायला लागलं तवा भ्यालो, वाटलं, पोरबाळ व्हायच्या आदीच बुडतो, म्हून तर मी देवीला बोलले.” मी विचारलं, “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” तिनं पदर तोंडाला लावला. “त्यांनी सांगितलं नाय. मंग मी कसं सांगू?”

कोळ्यांनी होडी आणली. गाडीला दोर बांधून ती ओढून काठाला नेली, या वेळी दोन्ही चाकांसकट. आत्या आणि हिरा होडीतून गेल्या. पण बैल होडीत चढेनात, म्हणून आतोबा त्यांच्यापाशी थांबले आणि त्यांच्या सोबतीला मी. दुपार कलेपर्यंत आम्ही त्या खडकावर बसून होतो. हळूहळू पाणी उतरायला लागलं. आधी एक दगड दिसला, मग दुसरा, मग ओली वाळू. “मान वर काढतोय,” आतोबा म्हणाले. मग, माझ्याकडं न बघता, “तुमी हसायचा, त्याचं काय नाय रं. पर आलीकडं मला बी वाटाया लागलं व्हतं, का मी सपान बगितलं. आसं कुठं आसतंय का, जमीन येती आन् जाती.” मी म्हटलं, “चंद्रामुळं, आतोबा.” त्यांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून, सगळं आभाळ नीट शोधून काढलं. “कुठं हाय?” उन्हानं आभाळ पांढरं झालेलं. मलाही दिसला नाही. “आसू दे,” ते म्हणाले, मला धीर दिल्यासारखं.

हिराचं लग्न वैशाखातच झालं. पंगतीत आतोबांनी व्याह्यांच्या ताटात पुन्हा बैल केला आणि या वेळी चारी बाजूंनी आमटी ओतली. सकाळी तीन बाजूंनी, दुपारी चारी बाजूंनी, असं ते आता ठणकावून सांगायचे. आणि गाडीचं काय झालं हेसुद्धा सांगायचे, फक्त ती गाडी आता फिरंग्यांची झाली होती.

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गोठ्याचं चाक हिरानं चौकला नेलंय. पुढं माझी बदली किनाऱ्याच्या एका गावी झाली आणि त्या भागात मी पुष्कळ हिंडलो. आमचा तो कोळीवाडा मला नक्की सापडला असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. चाचांनी सांगितलेल्या नावाचे कोळीवाडेही दोन-तीन निघाले. पाठ, वशिंड, मान, डोकं, वर पांढरं देऊळ आणि दिवसातून दोनदा बुडणारी वाट, अशा जागा मी इतक्या पाहिल्या की त्यांतली आतोबांची कुठली, आणि त्या दिवशीची तरी त्यांचीच होती का, ते मला सांगता येत नाही. एके ठिकाणी वाळूत उभी पेरलेली तोफही पाहिली. मी तिथं थोडा वेळ थांबलो आणि परत आलो. आत्याला सांगायचं म्हटलं, तर काय सांगणार?

वर्गात दर साली मी फळ्यावर कोकणचा किनारा काढतो. पुस्तकात नाही असा एक लहानसा उंचवटा हाताखाली आपोआप येतो, त्याला मान, मानेपुढं डोकं. पोरं विचारतात, सर, हे काय? मी सांगतो, भूशिर. मागच्या साली आणि त्याच्या मागच्या साली वह्यांत उतरवून घेतलेले नकाशे कोणी शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांना दिसेल की ते दर वेळी एकाच जागी नसतं. बैल थोडा पुढं सरकलेला असतो.